जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर झिप, आर्क, एलएचए उतरवणं आणि उलगडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या घरी येऊन पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. कुणाकडे काकांनी लंडनहून आणलेला स्पेक्ट्रम आहे, कुणाकडे सियागंजातल्या पेढीचे हिशेब सांभाळलेली पीसी-एक्सटी, कुणी शाळेच्या भंगारातून बीबीसी मायक्रो वाचवलाय. मशीन सुरू होतं, आनंद होतो, आणि मग नेटवरून उतरवलेली पहिलीच फाइल अडते. अडण्याची कारणं मात्र मोजकीच आहेत. पहिले चार प्रश्न सगळ्यांसाठी आहेत. पुढचे आपापल्या मशीनप्रमाणे वाचा.

१. कॉम्प्रेस केलेली फाइल म्हणजे नेमकं काय? आवळताना त्यातलं काही जातं का?

काहीही जात नाही. फाइलीत जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि पुढे फक्त "मागे इतक्या अंतरावर बघ, तिथून इतकी अक्षरं घे" एवढी खूण ठेवायची, ही मूळ कल्पना. लेम्पेल आणि झिव या दोघांनी ती १९७७ मध्ये मांडली. एखाद्या अभंगाचं ध्रुवपद दर कडव्यानंतर पूर्ण न छापता नुसतं "॥ध्रु.॥" लिहितात, तसंच हे. त्यावर हफमनची १९५२ची युक्ती चढवतात : जे अक्षर जास्त वेळा येतं त्याला छोटी खूण, क्वचित येतं त्याला मोठी. उलगडताना प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत मिळतो.

दुसरं काम गाठोडं बांधण्याचं. दहा-वीस फाइली, त्यांची नावं, तारखा आणि प्रत्येकीची तपासणी-बेरीज असं सगळं एकाच फाइलीत बसतं. ही बेरीज पुढे फार उपयोगी पडते (प्रश्न ९).

२. त्या काळी एवढा खटाटोप का करायचे?

२४०० बॉडच्या मोडेमवर सेकंदाला फार तर २४० बाइट यायचे. ३६० केबीची एक फ्लॉपी भरायला जवळपास २६ मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकायचा. फाइल निम्म्यावर आली की वेळ निम्मा, बिल निम्मं. फ्लॉप्याही स्वस्त नव्हत्या.

३. फाइलींच्या शेपट्या (नावातल्या टिंबापुढची अक्षरं) इतक्या प्रकारच्या असतात. कुठली कशाची ते ओळखायचं कसं?

दोन जाती ओळखल्या की निम्मं काम झालं.

पहिली जात गाठोड्यांची. डॉसवर, म्हणजे पीसी-एक्सटीच्या चालक प्रणालीवर, झिप, एआरसी (म्हणजेच आर्क) आणि एआरजे; अमिगावर एलएचए किंवा एलझेडएच; जुन्या मॅकवर एसआयटी; ॲपल टूवर एसएचके; कमोडोर ६४वर एलएनएक्स आणि एसडीए. यांत सुट्या फाइली बांधलेल्या असतात.

दुसरी जात नकलांची. अख्खी फ्लॉपी किंवा अख्खी कॅसेट जशी होती तशी एका फाइलीत उतरवलेली असते. इथे आकार पाहूनच खात्री पटते. कमोडोरची डी६४ बरोबर १,७४,८४८ बाइटची असते (शेवटी चुकांची नोंद जोडलेली असेल तर १,७५,५३१). अमिगाची एडीएफ ९,०१,१२० बाइटची. स्पेक्ट्रमची एसएनए ४९,१७९ बाइटची, म्हणजे ४८ केबी मेमरी आणि वर २७ बाइटची नोंद. स्पेक्ट्रमच्या टॅप आणि टीझेडएक्स या कॅसेटच्या नकला आहेत, त्यांचा आकार ठरावीक नसतो.

नेटवर मिळतं ते बहुतेक वेळा झिपच्या आत नक्कल, किंवा झिपच्या आत आणखी एक गाठोडं. म्हणजे गाठी दोन. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

४. मी नव्या लॅपटॉपवरच सगळं उलगडतो आणि तयार फाइली जुन्या मशीनवर टाकतो. काय बिघडलं?

सगळ्यात जास्त फाइली इथेच वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक मशीन फाइलीबद्दल स्वतःच्या पद्धतीच्या नोंदी ठेवतं. बीबीसी मायक्रो प्रत्येक फाइलीसोबत ती मेमरीत कुठे चढवायची आणि कुठून सुरू करायची हे दोन पत्ते ठेवतो. अमिगा ती फाइल चालवता येईल की नाही याच्या खुणा आणि एक छोटा शेरा ठेवतो. जुन्या मॅकवर तर एका फाइलीचे दोन भाग असतात : एकात मजकूर, दुसऱ्यात खिडक्या, चित्रं आणि प्रोग्रॅमचे इतर सुटे भाग. तुमच्या लॅपटॉपला यातलं काहीच ठाऊक नाही. तो गाठोडं सोडतो, मजकूर तेवढा काढून ठेवतो आणि बाकीच्या नोंदी टाकून देतो. कुठलीही चूक दाखवत नाही. चूक कळते ती जुन्या मशीनवर, प्रोग्रॅम सुरूच होत नाही तेव्हा. आणि तोवर मूळ गाठोडं तुम्ही काढून टाकलेलं असतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो : ज्या मशीनवर गाठ मारली, त्याच जातीच्या मशीनवर ती सोडा. आजच्या माणसाने पाठवायच्या सोयीसाठी बाहेरून घातलेली झिप लॅपटॉपवर खुशाल उघडा. आत डी६४, एडीएफ, एसएसडी (बीबीसीच्या फ्लॉपीची नक्कल) किंवा टॅप निघाली तर तिथे थांबा. ती नक्कल फोडू नका. आत एलएचए, एसआयटी किंवा एलएनएक्स निघालं तरीही थांबा आणि ते तसंच्या तसं जुन्या मशीनवर न्या.

डॉसचं तसं नाही. एक्सटीसाठीची झिप विंडोजवर उघडली तर मजकूर सहसा शाबूत राहतो. तिथे धोका नावांचा आहे (प्रश्न १४). बीबीसीच्या झिपमध्ये प्रत्येक फाइलीच्या जोडीला "इन्फ" शेपटीची छोटी फाइल दिसली तर ती कचरा समजून पुसू नका. वर सांगितलेले दोन पत्ते तिच्यातच लिहिलेले असतात.

५. स्पेक्ट्रमवर मोबाइलमधून गेम चढवता येतो असं ऐकलं. मी दहा वेळा केलं, "टेप लोडिंग एरर" येतो.

होतं ते नक्की. स्पेक्ट्रमला कॅसेटवरचा आवाज हवा असतो, तो टेपरेकॉर्डरमधून आला की मोबाइलमधून, त्याला फरक पडत नाही. टॅप किंवा टीझेडएक्स लॅपटॉपवर आवाजाच्या फाइलीत बदलून घ्या आणि ती डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपी३ करू नका. एमपी३ माणसाच्या कानाला नको असलेले बारकावे गाळते, आणि स्पेक्ट्रम नेमके तेच बारकावे वाचतो.

मग मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या "इयर" भोकात वायर. ही वायर इंदुरात जेल रोडवर कुठल्याही दुकानात मिळते. मागताना एका टोकाला मोनो पिन हवी असं स्पष्ट सांगा. आवाज पूर्ण वाढवा, इक्वलायझर आणि आवाज "सुधारणारी" प्रत्येक सोय बंद करा. आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. ४८ केबी चढायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात व्हॉट्सॲपचा एक टिंग वाजला की पहिल्यापासून सुरुवात.

स्क्रीनच्या कडेकडे बघत राहा, निदान तिथेच होतं. आधी लाल आणि निळसर रुंद पट्टे सावकाश सरकतात, म्हणजे सूर लागला. मग निळे-पिवळे बारीक पट्टे भराभर धावतात, म्हणजे माहिती येतेय. लाल-निळसर पट्टे दिसलेच नाहीत तर आवाज कमी आहे किंवा वायर चुकीची. बारीक पट्टे सुरू होऊन मध्येच चूक आली तर आवाज थोडा कमी करून बघा, तो फाटत असतो.

एसएनए फाइल मात्र अशी वाजवता येत नाही. ती मेमरीची नक्कल आहे, कॅसेटची नाही. तिच्यासाठी एसडी कार्ड घेणारं जोडयंत्र सोपं पडतं.

६. नव्या मशीनवर लिहिलेली ५.२५ इंची फ्लॉपी एक्सटीला वाचता येत नाही. ड्राइव्ह गेला का?

बहुधा नाही. १.२ एमबी ड्राइव्हचं डोकं अरुंद रेघ लिहितं, ३६० केबी ड्राइव्हचं डोकं रुंद रेघ वाचतं. आधी वापरलेली फ्लॉपी असेल तर नव्या अरुंद रेघेच्या कडेला जुन्या रेघेचे अवशेष उरतात, आणि एक्सटीच्या डोक्याला दोन्ही एकदम ऐकू येतात. उपाय साधा आहे : कधीच न वापरलेली, किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेली दुहेरी घनतेची फ्लॉपी घ्या आणि ती १.२च्या ड्राइव्हमध्ये ३६० केबी म्हणूनच फॉरमॅट करा. फॉरमॅटच्या आज्ञेच्या शेवटी तिरपी रेघ आणि ४चा आकडा लिहायचा.

फ्लॉपीचा नाद सोडायचा असेल तर सिरीयल वायर घ्या, आतल्या दोन तारा उलटसुलट जोडलेली, जिला नल मोडेम म्हणतात. दोन्हीकडे कर्मिट चालवा. कर्मिट १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अशाच निरनिराळ्या मशीनांमध्ये फाइली नेण्यासाठी तयार झालं आणि ते फार चिवट आहे. जुन्या एक्सटीच्या सिरीयल चिपला साठवणीची जागा नसते, म्हणून ९६००च्या वेगापासून सुरुवात करा. सावकाश जातं, पण पोचतं.

यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह फक्त ३.५ इंची पीसी फ्लॉपीसाठीच घ्या. अमिगा आणि कमोडोरच्या फ्लॉप्या त्यांना वाचता येत नाहीत.

७. उलगडणारा प्रोग्रॅमच आवळलेला आहे! सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न विचारताना लोक संकोचतात. संकोचू नका, प्रत्येक जण इथे अडलेला आहे. जुन्या लोकांनी यासाठीच स्वतःहून उलगडणाऱ्या फाइली केल्या होत्या. डॉसवर झिप बांधणारं आणि सोडणारं पीकेझिप २.०४जी एका ईएक्सई फाइलीत येतं. ती रिकाम्या फ्लॉपीवर ठेवून नुसती चालवली की आतले सगळे प्रोग्रॅम बाहेर येतात. अमिगासाठी एलएचए "रन" शेपटीच्या अशाच फाइलीत मिळतं. कमोडोरवर एसडीए ही सगळी जातच स्वतःहून सुटणारी आहे : चढवा, रन म्हणा.

ती पहिली फाइल मशीनवर न्यायचा रस्ता प्रश्न ५, ६ आणि १३ मध्ये आहे. एकदा ती पोचली की तिची दुसरी प्रत वेगळ्या फ्लॉपीवर काढून ठेवा.

८. पीकेअनझिप म्हणतं, "ही फाइल कशी हाताळायची ते मला माहीत नाही." झिप तर बरोबर आहे!

झिप बरोबर आहे, पण तुमचं पीकेअनझिप (पीकेझिपसोबतचा उलगडणारा प्रोग्रॅम) तिच्याहून जुनं आहे. यामागे इतिहास आहे आणि तो कळला की चूक लक्षात राहते.

१९८५ मध्ये एसईए या छोट्या अमेरिकन कंपनीच्या टॉम हेंडरसन यांनी आर्क काढलं. मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी त्याहून वेगवान पीकेआर्क केलं. १९८८ मध्ये एसईएने कॅट्झवर दावा लावला. त्यानंतर कॅट्झ यांनी आर्क सोडून स्वतःची नवी रचना केली, तीच १९८९ची झिप, आणि तिची आखणी सगळ्यांसाठी खुली ठेवली. सुरुवातीच्या झिपमध्ये आवळण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या : श्रिंक, रिड्यूस, इम्प्लोड. १९९३च्या दुसऱ्या आवृत्तीत डिफ्लेट आली आणि आजतागायत तीच चालू आहे. तुमच्या मोबाइलमधल्या पीएनजी चित्रांतही तीच आहे.

तेव्हा १.१ आवृत्तीचं पीकेअनझिप आजची कुठलीही डिफ्लेट झिप उघडू शकत नाही. २.०४जी वापरा, ती एक्सटीच्या ८०८८ चिपवरही चालते. तरीही तोच संदेश आला तर झिप करणाऱ्याने नव्या जमान्याची पद्धत वापरली आहे. लॅपटॉपवर ती उघडून साध्या डिफ्लेटने, पासवर्डशिवाय, पुन्हा बांधा.

९. फाइल पूर्ण उतरली, पण उलगडताना सीआरसीची चूक येते.

सीआरसी म्हणजे ती प्रश्न १ मधली तपासणी-बेरीज. गाठोडं बांधताना काढलेली बेरीज आणि आता निघालेली बेरीज जुळली नाही, म्हणजे वाटेत काहीतरी बदललं.

पहिला संशय टेक्स्ट मोडवर घ्या. एफटीपीसारख्या फाइली आणणाऱ्या किंवा टर्मिनल प्रोग्रॅमला फाइल साधा मजकूर वाटली की तो ओळी बदलण्याच्या खुणा "दुरुस्त" करतो : प्रत्येक १० क्रमांकाच्या बाइटआधी एक १३ घालतो. आवळलेल्या फाइलीत सरासरी २५६ बाइटांमागे एक १० असतोच. दोन लाख बाइटांची फाइल साधारण आठशे बाइटांनी फुगते आणि पार खराब होते. १९९९ मध्ये, रात्री फोन स्वस्त पडायचा म्हणून मी दोन वाजेपर्यंत जागून एक गाठोडं उतरवलं होतं. सकाळी पोहे खात खात उलगडायला बसलो आणि पहिल्याच फाइलीवर ही चूक. आकार मोजला तर मूळ आकड्यापेक्षा जास्त. बायनरी मोड लावायला मी विसरलो होतो. त्या दिवसापासून उतरवण्याआधी आकार कागदावर लिहितो आणि उतरवल्यावर जुळवतो. तुम्हीही हेच करा.

आकार कमी असेल तर फाइल अर्धवट आहे. आकार बरोबर आहे आणि तरी चूक येते, तर फ्लॉपी किंवा वायर तपासा. दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन बघा.

उलगडण्याआधी नुसतं तपासायची सोय जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आहे. पीकेअनझिपमध्ये आडवी रेघ आणि टी. दोन मिनिटं जातील, पण तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.

१०. आकार शे-सव्वाशे बाइटांनी जास्त आहे, पण फाइल उघडते. हे कसं?

एक्समोडेममुळे. वॉर्ड क्रिस्टनसन यांनी १९७७ मध्ये केलेली ही पद्धत १२८ बाइटांचे ठोकळे पाठवते आणि शेवटचा ठोकळा अपुरा असेल तर २६ क्रमांकाच्या बाइटने भरते. ही भर शेवटी असते, त्यामुळे बहुतेक गाठोड्यांना ती बाधत नाही. शक्य असेल तर झेडमोडेम वापरा. ते नेमका आकार पाठवतं आणि मध्येच वीज गेली तर तुटलं तिथून पुढे सुरू करतं.

११. माझ्या एक्सटीला हार्ड डिस्कच नाही. उलगडताना "जागा नाही" येतं.

उलगडताना गाठोडं आणि आतला माल दोन्हींना जागा लागते. गाठोडं ए ड्राइव्हमध्ये ठेवा आणि माल बी ड्राइव्हमधल्या रिकाम्या फ्लॉपीवर काढा. एकच ड्राइव्ह असेल तरी बी म्हणून आज्ञा द्या. डॉस त्याच ड्राइव्हला आळीपाळीने ए आणि बी मानतं आणि फ्लॉपी बदलायला सांगत राहतं. बदलाबदली बरीच होते, पण काम होतं. बदलताना चूक झाली तरी मूळ फ्लॉपी वाचावी म्हणून तिची खाच आधी चिकटपट्टीने बंद करा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ५.२५ इंची फ्लॉपीवर खाच झाकली की लिहिणं बंद. ३.५ इंचीवर भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद. अगदी उलट.

१२. गाठोडंच फ्लॉपीपेक्षा मोठं आहे.

एआरजेने तुकडे करा. रॉबर्ट जंग यांचा हा प्रोग्रॅम तुकड्याचा आकार सांगितला की पहिला तुकडा एआरजे आणि पुढचे ए०१, ए०२ अशा नावांनी बनवतो. आकार फ्लॉपीपेक्षा थोडा कमीच ठेवा. ३६०च्या फ्लॉपीवर प्रत्यक्षात ३,६२,४९६ बाइट मोकळे असतात. आजच्या लॅपटॉपवर झिपचे केलेले तुकडे पीकेझिपच्या फ्लॉपीभर पसरलेल्या झिपसारखे नसतात, त्यांच्यावर विसंबू नका.

१३. कमोडोर आणि अमिगाचं काही वेगळं आहे का?

आहे. कमोडोर ६४च्या एलएनएक्स फाइलीला साधा प्रोग्रॅम समजून चालवलं तर स्क्रीनवर "यूज लिंक्स टू डिझॉल्व्ह धिस फाइल" असं येतं. ही चूक नाही. बांधणाऱ्यानेच पुढच्या माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी आहे. लिंक्स प्रोग्रॅम चढवा आणि त्याच्याकडून गाठोडं सोडवून घ्या. आणि नावाच्या सुरुवातीला १!, २!, ३!, ४! अशा चार फाइली दिसल्या तर ती झिपकोड आहे, म्हणजे कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हच्या एका फ्लॉपीच्या ट्रॅकांचे चार वाटे. चारही हवेतच. झिपकोडचा प्रोग्रॅम त्या वेगळ्या कोऱ्या फ्लॉपीवर मांडतो. नावात झिप असलं तरी पीसीच्या झिपशी याचा काही संबंध नाही. यावरून मला महिन्याकाठी एक तरी फोन येतो.

अमिगावर वर्कबेंच (त्याची चालक प्रणाली) २.१ पासून क्रॉसडॉस सोबत येतं, त्यामुळे ७२० केबीची पीसी फ्लॉपी तो थेट वाचतो. लॅपटॉपवर ७२० केबीला फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर एलएचए ठेवा, अमिगावर न्या, तिथे उलगडा. १.४४ची फ्लॉपी भोक झाकून वापरू नका. आज लिहिलेलं पुढच्या महिन्यात वाचता येईलच याची खात्री नसते. त्याआधीच्या वर्कबेंचला फ्लॉपीऐवजी सिरीयल वायर (प्रश्न ६) किंवा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह घेणारा गोटेक बरा; अमिगासाठी तयार केलेल्या गोटेकवर एडीएफ तशीच ठेवता येते.

१४. उलगडल्यावर फाइली कमी निघाल्या. वीस होत्या, सतराच आहेत.

नावं एकमेकांवर पडली. डॉसला आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांची शेपटी एवढंच कळतं. "हिशेबएप्रिल१" आणि "हिशेबएप्रिल२" अशी लांब रोमन नावं आठ अक्षरांवर कापली की दोन्ही एकच होतात, आणि दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसते. लॅपटॉपवर नावं आधी छोटी करा, मग झिप बांधा. नावात देवनागरी अक्षरं अजिबात नकोत. "या नावाची फाइल आहे, पुसू का?" असं उलगडताना विचारलं तर नाही म्हणा आणि थांबा. सवयीने एंटर दाबत गेलात की त्या तीन फाइली गेल्या.

आत फोल्डर असतील तर पीकेअनझिपला आडवी रेघ आणि डी देणं विसरू नका, नाहीतर सगळं एकाच जागी ओतलं जातं आणि पुन्हा तीच गत.

१५. सगळ्या फाइलींची तारीख १ जानेवारी १९८० का?

बांधणाऱ्याच्या मशीनला घड्याळाची बॅटरी नव्हती आणि सुरू करताना त्याने तारीख घातली नाही. डॉसची कालगणना १९८० पासूनच सुरू होते. फाइल खराब नाही.

१६. जुन्या गाठोड्यांत व्हायरस असतात का?

असू शकतात. तुमच्या नव्या लॅपटॉपचं ते सहसा काही बिघडवत नाहीत, पण जुन्या मशीनचं बिघडवतात. मराठी माणसाला लगेच आठवणारं उदाहरण म्हणजे १९९० मध्ये भारतात सापडलेला "जोशी". तो दर ५ जानेवारीला मशीन थांबवायचा आणि "हॅपी बर्थडे जोशी" असं टाइप करेपर्यंत पुढे जाऊ द्यायचा नाही. तो फ्लॉपीच्या सुरुवातीच्या, बूटच्या भागात राहायचा. म्हणजे सुट्या फाइलींच्या झिपमधून तो येत नाही. अख्ख्या फ्लॉपीच्या नकलेतून मात्र जशाच्या तसा येतो. अनोळखी नकलेवरून मशीन सुरू करू नका. चांगल्या फ्लॉपीवरून सुरू करा, मग तिच्यातल्या फाइली बघा.

१७. हे सगळं उतरवणं कायदेशीर आहे का?

ज्यांनी मोफत वाटायला दिलं ते खुशाल घ्या. १९९२ पासून चालत आलेल्या ॲमिनेटवर अमिगासाठी असा मोठा साठा आहे. बाकी प्रोग्रॅम जुना झाला, विकायला नाही, म्हणून त्यावरचा हक्क संपत नाही. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बिघाडापासून बचाव म्हणून प्रत ठेवायला तोच कायदा परवानगी देतो.

१८. पावसाळ्यानंतर फ्लॉपीवर पांढरे ठिपके दिसतायत. एकदा वाचून बघू का?

नको. ती बुरशी आहे. माळव्यात जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कपाटात ठेवलेल्या फ्लॉप्यांवर ती हमखास धरते. तशीच ड्राइव्हमध्ये घातलीत तर डोकं खराब होईल आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडेल. तबकडी कोरड्या, सावलीच्या जागी वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा. त्यानंतर एकदाच वाचायचं, आणि त्या एकाच वेळी पूर्ण नक्कल काढायची.

१९. फाइल उलगडली, सीआरसीही जुळली, पण मराठी मजकुराच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी दिसतात. सगळं गेलं का?

काहीही गेलेलं नाही. सीआरसी जुळली म्हणजे प्रत्येक बाइट शाबूत आहे. फक्त तो मजकूर आज आपण वापरतो त्या युनिकोडमध्ये नाही.

तेव्हा भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक मांडणी होती. तिचं १९९१चं मानक आजही पाहायला मिळतं. कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट कार्ड मशीनमध्ये असलं की ही अक्षरं पडद्यावर देवनागरीत दिसायची. कार्ड नसलेल्या साध्या डॉसवर तेच बाइट रेघा होतात. इस्कीत "क" म्हणजे १७९, आणि डॉसच्या पडद्यावर १७९ म्हणजे उभी रेघ. "द" म्हणजे १९६, तिथे आडवी रेघ. म्हणून पानभर चौकटी दिसतात. डॉसवरच्या काही प्रोग्रॅमांनी चौकटीच्या रेघा मोकळ्या ठेवण्यासाठी हीच अक्षरं दुसऱ्या क्रमांकांवर हलवली होती, तेव्हा क्रमांकावरून अक्षर काढणाऱ्या एका तक्त्याने नाही जमलं तर दुसरा लावून बघा. युनिकोडची देवनागरी इस्कीवरूनच आखलेली आहे. त्यामुळे अक्षराला अक्षर लावून मजकूर परत मिळवणं सोपं जातं.

विंडोजवरच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर असेल तर काम जास्त आहे. तिथे अक्षरांऐवजी त्यांचे तुकडे नोंदलेले असतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. त्या त्या फॉन्टचाच बदलणारा तक्ता लागतो.

लोकमान्य नगरातल्या एक काकू तीन फ्लॉप्या घेऊन आल्या होत्या. काकांनी निवृत्तीनंतर घरच्या एक्सटीवर काहीतरी लिहिलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. मुलाने लॅपटॉपवर बघून "नुसता कचरा आहे" म्हणून सांगितलं होतं. दोन फ्लॉप्यांवर बुरशी होती, त्या प्रश्न १८ प्रमाणे पुसल्या. तिन्हींवर मिळून एकच एआरजे गाठोडं निघालं, तीन तुकड्यांत. ते एक्सटीवरच सोडलं, सीआरसी जुळली, आणि पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा आल्या. इस्कीचा तक्ता लावल्यावर पहिली ओळ उमटली : "बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, आईच्या हातचे, प्रमाण". काकू खुर्ची ओढून पडद्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "पुढे ने. खारीक किती लिहिलीय ते बघायचंय."